ढोमा, मोटार आणि वडगावची मागशेड : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर, वडगाव, बेळगाव

शेड मिळाली. मालक म्हणाले, वापर, भाडं नको, विजेचं बिल तेवढं भर. आठ मागांपैकी दोन भंगारात गेलेत, सहा जागेवर आहेत. एकावर अर्धवट विणलेली साडी तशीच आहे, ताण्यावर बोटभर धूळ. इथेच बाबांनी बावीस वर्षं माग चालवले. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन यायची.

काय करायचंय ते एकदा लिहून ठेवते. समुद्रात पाण्याखाली जे जीव आवाज करतात ते रेकॉर्ड करायचे, त्यातून वीस-पंचवीस मिनिटांची ध्वनिरचना बांधायची आणि ती इथे, मागांच्या मध्ये बसून लोकांनी ऐकायची. बेळगावला समुद्र कुठला, असं चार जणांनी विचारून झालं. आंबोली उतरलं की समुद्र. तिथली मासळी रोज घाट चढून आपल्या बाजारात येते, मग आवाज का येऊ नये?

१६ नोव्हेंबर

हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, घरीच करतेय. २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती, तिला शिल्डेड वायर, वरून एपॉक्सी. चकतीवर दाब पडला की तिच्यात वीज तयार होते, एवढंच तत्त्व. उद्यमबागेतल्या एका लेथवाल्या काकांनी नायलॉनची छोटी वाटी टर्न करून दिली. चकती तिच्यात बसवून एपॉक्सी ओतलं.

पहिल्या ओतणीत बुडबुडा राहिला. पाण्यातून आलेला आवाज हवेपाशी पोचला की बहुतेक सगळा मागे फिरतो, म्हणून फोडून पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी एपॉक्सीचा डबा गरम पाण्यात ठेवून पातळ केला, मग हळूहळू ओतलं.

हे काय काम म्हणून काकांनी विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, "आम्ही बी कास्टिंगला हातोडी मारून ऐकतोच की. तडा असला तर घंटेसारखं वाजत न्हाई." त्यांनी वाटीचे पैसे घेतले नाहीत.

२३ नोव्हेंबर, किल्ला तलाव

फक्त चाचणी. दुपारच्या उन्हात पाणवनस्पतींमधून सुटणाऱ्या बुडबुड्यांची बारीक टिकटिक मिळाली, आणि मध्येच एका किड्याची किरकिर. वायर कोरडी राहिली. मालवणला जायला हरकत नाही.

३० नोव्हेंबर, मालवण

दांडीच्या किनाऱ्यावरून एका तांडेलांच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखांच्या, होडीत बसून सकाळी खडपांपर्यंत, पाण्यातल्या खडकांपर्यंत, गेलो. हायड्रोफोन सायकलच्या ट्यूबच्या पट्टीला टांगला, म्हणजे होडी हलली तरी तो हिसके खात नाही. खाली शिशाचं वजन. हेडफोन लावला आणि मी दहा मिनिटं कुणाशी बोलले नाही.

कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, पण कढई केवढी, तर दिसेल तेवढं पाणी. कुठे थांबत नाही, कुठून येतो ते कळत नाही. ही स्नॅपिंग श्रिम्प. मी तिला टिचकी कोळंबी म्हणायला लागलेय. बोटाएवढाही जीव नाही, पण तिचा एक पंजा दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो इतक्या झटक्यात मिटतो की पाण्याची चिळकांडी उडते, तिच्या वेगामुळे दाब कोसळतो आणि क्षणभर एक बुडबुडा तयार होतो. आवाज पंजा पंज्यावर आपटल्याचा असेल असंच कुणालाही वाटेल. तो असतो बुडबुडा फुटल्याचा. हे २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवून दिलं गेलं. फुटताना उजेडाचा एक कणही चमकतो, आपल्या डोळ्यांना दिसणार नाही इतका थोडा वेळ.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढायला पाण्यात कान लावून बसलेल्या नौदलांना ह्याच तडतडीने बेजार केलं होतं. ऐकायचं होतं इंजिन आणि भेटली कोळंबी.

दोन तास रेकॉर्डिंग. सगळं स्वच्छ, लख्ख.

४ डिसेंबर

बाबांना ऐकवलं. हेडफोन नीट बसवून दिला, आवाज वाढवला. ते समोर बघत बसले. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"चालू केलीस काय?"

चालूच होतं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यांना कुकरची शिट्टी बी ऐकू येत न्हाई, ते तुझं काय ऐकणार." खरंच येत नाही. मागाच्या गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलं की आधी उंच पट्टीचे आवाज जातात, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. कोळंबीची तडतड नेमकी त्याच पट्ट्यात असते, २००० पासून थेट माणसाच्या कानापलीकडे.

म्हणजे ह्या शेडमध्ये जे लोक यावेत असं मला वाटतं, त्यातल्या निम्म्यांना माझा समुद्र मुका वाटेल. आज पुढे काही लिहवत नाही.

१२ डिसेंबर

चूक सापडली. चूक माझीच.

पिझो चकती म्हणजे विजेच्या दृष्टीने एक कपॅसिटर, माझी साधारण २० नॅनोफॅरडची. ती मी रेकॉर्डरच्या साध्या माइक इनपुटला सरळ जोडली होती. इनपुटचा रोध १० किलो-ओहम धरला तर गणित असं पडतं की सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. त्यात भर म्हणून, लाटांची घोंघों नको म्हणून, मीच रेकॉर्डरचा लो-कट, म्हणजे खर्ज गाळणारं बटण, चालू ठेवला होता. खर्जातला जो काही समुद्र होता तो मी दोनदा गाळला आणि वर त्याला स्वच्छ म्हटलं.

उपाय साधा आहे. चकतीच्या अगदी जवळ एक एफईटी बफर, म्हणजे चकती आणि रेकॉर्डर ह्यांच्या मधलं एक छोटं सर्किट, बसवायचा, त्याचा इनपुट रोध १ मेगा-ओहम. त्याच गणिताने खालची मर्यादा ८ हर्ट्झवर जाते. दोन संध्याकाळी सोल्डरिंग केलं. बफर कॅमेऱ्याच्या रिळाच्या जुन्या डबीत घालून डबी एपॉक्सीने भरली. लो-कट बंद केला आणि त्या बटणावर चिकटपट्टी लावली.

२८ डिसेंबर, मालवण

तेच तांडेल, तीच होडी, पण ह्या वेळी संध्याकाळी निघालो. हायड्रोफोन सोडला आणि पहिल्याच क्षणी इंजिनांनी कान भरून गेले. आमचं नव्हे, आमचं बंद होतं. दूरचे ट्रॉलर. वर हवेत एकाचाही आवाज नव्हता, क्षितिजावर दिवे तेवढे होते. पाण्यात आवाज सेकंदाला जवळजवळ १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, आणि विरतही नाही लवकर. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलादाँ आणि स्टर्म ह्यांनी पाण्याखाली घंटा वाजवून हा वेग मोजला होता. रात्री, दोन होड्यांत बसून, एकीकडे दारूचा उजेड पाडून आणि दुसरीकडे पाण्यात नळी घालून. आमच्यासारखेच बसले असतील, गार वाऱ्यात, न बोलता.

मला रडू यायचं बाकी होतं. दीड महिन्याचं काम, आणि आता वरून ही मोटारींची चादर. तेवढ्यात जवळून जाणारी एक होडी रापणीच्या, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, बाजूला वळली आणि तिचं मशीन थांबलं. चादर थोडी बाजूला सरकली.

घुर्र. घुर्र घुर्र. थांबून पुन्हा.

मी हेडफोन तांडेलांच्या कानाला लावला. ते म्हणाले, "ढोमो तो. डुरकता बघ. मशीन चालू आसताना तुका काय आयकाक येतला गो?" मग त्यांनी वल्हं पाण्यात उभं धरलं, वरचं टोक माझ्या जबड्याला टेकवलं आणि गप्प राहायची खूण केली. लाकडातून, हाडातून, तोच आवाज आला. हेडफोनपेक्षा कमी, पण आत आला. "आमचो बापूस असोच आयकायचो. वल्ह्याक कान लावन."

ढोमा, घोळ हे मासे सगळे एकाच कुळातले. पोटात हवेची पिशवी असते, तिच्या बाजूचे खास स्नायू भराभर आकसतात आणि पिशवी ढोलासारखी घुमते. घोळीची हीच पिशवी सुकवून मोठ्या भावाने परदेशी जाते, मालवणात सगळ्यांना तिचा भाव ठाऊक. ती वाजते कशासाठी ते मला तांडेलांनी सांगितलं, "बायलेक हाक मारता." पुस्तकांतही तेच आहे. ह्या कुळातल्या बऱ्याच जातींत नरच वाजवतात, आणि संध्याकाळनंतर जास्त.

सात ते साडेनऊ रेकॉर्डिंग. हाताला मिठाच्या रेघा.

५ जानेवारी

मोटारी काढून टाकायचा प्रयत्न केला. चार दिवस गेले.

आलेखावर बघितलं की कारण दिसतं. ट्रॉलरच्या इंजिनाचा आवाज अगदी खालपासून वर पाच-सहाशे हर्ट्झपर्यंत पसरलाय. ढोम्याचं घुरघुरणं त्याच पट्ट्यात आहे, एकावर एक, पोळीला तूप लागावं तसं. कोळंबी दोघांच्याही वर, सुरक्षित. तिला मोटारींचं काही नाही. खालचा पट्टा कापला की मोटार जाते आणि ढोमाही जातो. नव्या सॉफ्टवेअरने गोंगाट ओळखून वजा करायला सांगितलं, तर ढोम्याचा आवाज पत्र्याच्या डब्यात कुणी बोलावं तसा आला. तो मासा नव्हता.

मोटार ठेवायची. हे आज ठरलं. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमधला तो स्वच्छ समुद्र कुठेच नाही. ढोमा त्याच्या जोडीदारणीला ज्या पाण्यात हाक मारतो त्या पाण्यात मोटारी आहेत, आणि मी त्या काढल्या तर त्याचं निम्मं म्हणणं काढल्यासारखं होईल.

११ जानेवारी

रात्री शेडमध्ये एकटी बसले होते. लाइट गेली. आणि एकदम आठवलं.

लहानपणी डबा घेऊन यायची तेव्हा शेडमध्ये बोलणं म्हणजे ओरडणं. आठ माग, धोटे इकडून तिकडे आपटतायत, ९० डेसिबलच्या खूप वर. बायका कांड्या भरता भरता एकमेकींशी बोलायच्या ते अर्धं ओठांवरून, अर्धं हातांनी, उरलेलं जीव काढून. आणि मग लोडशेडिंग व्हायचं. सगळे माग एका दमात बंद. पण बोलणारी बाई आपल्या वाक्याच्या मध्यावर असायची, ती ते वाक्य त्याच आवाजात पुरं करायची, रिकाम्या शांततेत. अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. सासूचं काहीतरी, पगाराचं काहीतरी. मग खाली मान. मला ते दोन सेकंद फार आवडायचे, आणि फार लाजही वाटायची, का ते तेव्हा कळत नसे.

गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज वाढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार ह्यांनी १९११ साली नोंदवलं. त्यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. तो आपल्यापुरता नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर किलर व्हेलच्या हाका मोजल्या, तर बोटींचा गोंगाट एक डेसिबलने वाढला की त्यांची हाकही जवळपास एक डेसिबलने वाढते असं दिसलं. आणि सप्टेंबर २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची ये-जा खूप कमी झाली, तेव्हा कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात पाण्याखालचा गोंगाट ६ डेसिबलने उतरला. तिथे राइट व्हेलच्या विष्ठेचे नमुने गोळा करून ताणाची संप्रेरकं मोजली जात होती. ती त्या दिवसांत खाली आली होती. अख्ख्या समुद्राचं लोडशेडिंग.

ढोमा मोटारीपुढे आवाज चढवतो की नाही ह्याचं उत्तर माझ्या एका हायड्रोफोनमधून निघणार नाही, आणि मी तसं कुठे लिहिणारही नाही. पण रचनेचा सांगाडा मिळाला. चौदा मिनिटं मोटारी आणि त्यांच्या आतबाहेर सगळे जीव. मग २८ डिसेंबरची ती जागा, जिथे मशीन थांबतं. पुढची सहा मिनिटं मी काहीही घालणार नाही. सुरुवातीला मागे तंबोरा धरायचा विचार होता. तो आज खोडला. समुद्राला आपला षड्ज द्यायला आपण कोण.

२० जानेवारी

पोस्टर करणाऱ्या मित्राला "जेट विमानापेक्षा मोठा आवाज करणारी कोळंबी" असं छापायचं होतं. इंटरनेटवर सगळीकडे तेच आहे. नको म्हटलं. पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल वेगवेगळ्या मापांवर मोजतात. दोन्ही एका मापावर आणायचे तर पाण्यातल्या आकड्यातून साधारण ६२ वजा करावे लागतात. ते न करता विमानाशी तुलना करणं म्हणजे शेरभर आणि किलोभर एकच धरणं. कोळंबी आहे तेवढी पुरे नवलाची आहे.

२ फेब्रुवारी

स्पीकर कसे लावायचे ह्यावर आठवडा गेला. डावा-उजवा भेद ठेवणार नाही. आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचतो, त्या फरकावरून आपण दिशा ओळखतो. पाण्यात आवाज इतका जलद येतो की तो फरक जवळपास उरत नाही. शिवाय पाण्यात कानापेक्षा कवटीच जास्त ऐकते. म्हणून पाण्यात बुडी मारली की आवाज डोक्याच्या आतून आल्यासारखा वाटतो.

तर वल्ह्याचंच करायचं. शेडमध्ये तीन जुनी बाकडी आहेत, कांड्या भरणाऱ्या बायकांची, सागवानी, बसून बसून मध्ये घासलेली. प्रत्येकाच्या खाली दोन एक्सायटर स्क्रूने बसवले. एक्सायटर म्हणजे शंकू नसलेला स्पीकर. ज्या पृष्ठभागाला लावाल तोच वाजायला लागतो. खर्ज बाकड्यांतून, कोळंबी वर पत्र्याला लावलेल्या दोन छोट्या स्पीकरांतून. पहिल्या चाचणीत तिसऱ्या बाकड्याची एक फळी खडखडली. खाली रबराची चकती घातली.

९ फेब्रुवारी

फलक दोन्ही भाषांत, एकाच आकाराच्या अक्षरांत. कन्नड मजकूर गल्लीतल्या एका जुन्या जॉबर मामांनी करून दिला. ते पन्नास वर्षं माग दुरुस्त करत आलेत आणि दोन्ही भाषा सारख्याच बोलतात. तडतडीला त्यांनी "चटपट" लिहिलं. ढोम्यापाशी अडले. मी म्हटलं आम्ही डुरकणं म्हणतो, पोळ डुरकतो तसं. लगेच म्हणाले, "मग गुटुरु. बैल गुटुरु घालतो." तांडेलांना बैल आठवला, मामांनाही बैलच.

१९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवर जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यात मराठी आहे, कन्नडही आहे. त्याच तबकडीवर हंपबॅक व्हेलचं गाणं आहे आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंची भैरवी आहे. ते व्हेलचे आवाज ज्या बर्म्युडाच्या पाण्यात पहिल्यांदा लोकांच्या ध्यानात आले, तिथेही ऐकणारे बसले होते नौदलाच्या कामावर. हे सगळं फलकावर मावत नाही. मामांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "कन्नड कुठलं, धारवाडकडचं काय?"

१५ फेब्रुवारी

बाबांना शेडमध्ये आणलं. सहा वर्षांनी आले. आधी प्रत्येक मागापाशी गेले, स्वतःच्या मागाच्या धोट्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. मग बाकड्यावर बसले. मी काही सांगितलं नाही, चालू केलं.

मोटारी सुरू झाल्यावर त्यांनी दोन्ही तळवे बाकड्यावर टेकवले. "इंजिन आहे." बराच वेळ तसेच. वर पत्र्यातून कोळंबी तडतडत होती, ती त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. चौदाव्या मिनिटाला मशीन थांबलं. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं.

ढोमा वाजला.

"कोण तरी खाकरालंय की गं," बाबा म्हणाले. आणि पुन्हा तळवे खाली.

शेवटपर्यंत बसले. घरी जाताना विचारलं, मासा केवढा असतो. हाताने दाखवलं. त्यांनी तेच माप आपल्या हाताने पुन्हा करून बघितलं.

२३ फेब्रुवारी

आजपासून शेड खुली. सकाळी कॉलेजची मुलं आली, दुपारी उद्यमबागेतले लेथवाले काका. संध्याकाळी गल्लीतल्या बायका, बहुतेक कधीकाळी इथेच कांड्या भरलेल्या. आल्या तशा आपापल्या जुन्या जागी बसल्या, कुणी सांगायला लागलं नाही.

मोटारी चढल्या तशा त्या बोलायला लागल्या. गप्प बसा म्हणून मी सांगितलं नाही. मोटारींबरोबर त्यांचेही आवाज चढत गेले, ओठ मोठे व्हायला लागले, एकीने तर जुन्या सवयीने हातवारे सुरू केले. मी घड्याळ बघत होते. बारा मिनिटं, तेरा. कोपऱ्यातली मावशी जावेला काहीतरी विचारायला लागली आणि मशीन बंद पडलं.

"...कुकर उतरवून आलीस काय?"

शेडभर ऐकू गेलं. सगळ्या स्तब्ध. बाकड्यांतून ढोमा घुरघुरला, एकदा, मग पुन्हा. जावेने त्याचं होईपर्यंत वाट पाहिली आणि अगदी हळू म्हटलं, "उतरवलाय."

मावशीने मान हलवली आणि तळहात बाकड्यावर ठेवला.